कबुतरांचं कॉमिक थांबलं तेव्हा

मी आजवर जेवढी वेबकॉमिक्स वाचली, त्यातली बहुतेक मेलेली आहेत. संपलेली नव्हेत, मेलेली. संपलेल्या गोष्टीला निदान शेवट असतो, वाचून झाली की हात झटकून उठता येतं. वेबकॉमिक मरतं ते वेगळ्या तऱ्हेनं. एका मंगळवारी नवं पान येत नाही. पुढच्या मंगळवारी चित्रकार लिहितो, 'सॉरी, तब्येत बरी नव्हती, पुढच्या आठवड्यात नक्की.' आणि ते 'नक्की' तिथंच लटकून राहतं, वर्षानुवर्षं. आम्ही वाचणारे त्याला 'हायटसवर गेलं' म्हणतो, म्हणजे मध्यंतरावर. घरातला माणूस भांडून निघून गेला की शेजाऱ्यांना 'जरा गावी गेलेत' म्हणून सांगतात, त्यातलाच प्रकार.

ज्यांना हा नाद नाही त्यांना सांगते. वेबकॉमिक म्हणजे कुणीतरी एकटा माणूस आपल्या घरी बसून चित्रं काढतो, चारसहा चौकटींत गोष्टीचा एक तुकडा बसवतो, आणि ठरलेल्या वारी इंटरनेटवर टाकतो. संपादक नाही, छापखाना नाही, बहुधा पैसाही नाही. आपण त्या वारी जाऊन वाचायचं, फुकट. फुकट असल्यामुळे तक्रारीलाही जागा नाही, तरी आम्ही करतोच.

मला हा नाद लागला महापेच्या पहिल्या नोकरीत. काम होतं परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तपासायचं, म्हणजे दिवसभर लोकांची दुखणी वाचायची. दुपारी डबा खाताना शेजारच्या टेबलावरची मुलगी पडद्याकडे बघून एकटीच हसायची. मला राहवलं नाही. तिनं दाखवलं ते एका दीपगृहाचं कॉमिक होतं. दीपगृहात दोन भाऊ राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. जे काही सांगायचं ते मांजराला सांगतात, मांजर ऐकून न ऐकल्यासारखं करतं. मी त्याच आठवड्यात पहिल्या पानापासून सगळं वाचून काढलं. पुढे एकदा वादळाच्या प्रसंगात धाकटा भाऊ तोंड उघडतो, पहिल्यांदाच मोठ्याला हाक मारणार असतो, आणि तिथं कॉमिक थांबलं. अजून थांबलेलंच आहे. तो धाकटा तोंड उघडून उभा आहे, आणि इकडे माझं लग्न झालं, घर झालं, चाळिशीचा चष्मा लागला.

दुसरं एक पुण्याच्या कुणा मुलाचं होतं, भुतांच्या सरकारी कचेरीचं. मेल्याचा दाखला आणल्याशिवाय भुतांना कुठं राहायची परवानगी नाही, आणि दाखल्यासाठी माणूस स्वतः जिवंत हजर पाहिजे. हसून हसून पोट दुखायचं. त्या मुलाला नोकरी लागली आणि भुतं खिडकीपाशी रांगेतच राहिली. एक नुसतं चित्रांचं होतं, शब्द नसलेलं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत राहणाऱ्या माशाचं. बऱ्याच वर्षांनी सहज आठवण झाली म्हणून त्याचा पत्ता टाकून बघितला, तर तिथं चपला विकायला होत्या. मला इतका राग आला की बस्स. चपलांनी माझं काय घोडं मारलं होतं, पण आला.

जुन्या वेबकॉमिक्सची एक गंमत होती, ती आता कुणाला ठाऊकही नसेल. चित्रावर माउसचा बाण नेऊन नुसता ठेवला, काही दाबायचं नाही, की क्षणभरानं एका छोट्या पिवळट चौकोनात एक ओळ उमटायची. चित्रकारानं जाता जाता कानात सांगावं तशी. कधी जादा विनोद, कधी स्वतःचं काही, 'आज आंबे खाताना काढलं, डाग दिसला तर समजून घ्या' असलं. नवखा वाचक चित्र वाचून पुढे जायचा, मुरलेला थांबायचा. पुढे सगळं वाचन फोनवर आलं आणि ती सवय गेली. फोनवर बोट फिरतं, बाण नाही.

बाबांना माझा हा नाद कधी कळला नाही. ते पावण्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला होते, ड्रम मोजायचे, आणि घरी आले की गॅलरीत. "चित्रं बघायचं वय राहिलंय का तुझं?" असं एकदा म्हणाले आणि परत पेपरात गेले. आमचं घर नेरुळला, वसाहतीच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. या इमारती कुणी बांधल्या तो एक नंबरचा आळशी असणार. एकच नकाशा काढला आणि ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत छापत सुटला. तोच जिना, तीच खिडकी, स्वयंपाकघराच्या मागून उतरणारा तोच पाइप, तीच हातभर गॅलरी.

आम्ही नवे राहायला आलो तेव्हाची घरातली प्रसिद्ध गोष्ट आहे. बाबा दुसऱ्या पाळीवरून दमून आले आणि शेजारच्या इमारतीत चढले. तिसरा मजला, उजवीकडचं दार, दार उघडंच. आत गेले, बूट काढले, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "पाणी दे गं." आतून एका बाईंनी पाणी आणून दिलं. त्या बाईंना वाटलं, आपल्या यजमानांकडे कुणी आलंय. बाबांनी पाणी पिऊन भांडं परत देताना वर बघितलं, तेव्हा कुठं उजाडलं. घरी आले ते कान लाल. पण नवी मुंबईत जुन्या बिल्डिंगमध्ये राहिलेल्या कुणालाही ही गोष्ट सांगा, तो हसणार नाही. म्हणेल, आमच्याकडे पण झालंय.

बाबा गेले तेव्हा मी खारघरला राहायला गेले होते. आई एकटी राहिली. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणाली, "माझी गॅलरी हाय की इथं." आई सातारकडची, इतकी वर्षं इथं काढूनही बोलणं तिकडचंच. मग मी दर शनिवारी सकाळी तिच्याकडे जायला लागले. भाजी घेऊन जायची, चहा प्यायचा, बँकेचं काही असलं तर बघायचं. गप्पा मात्र होईनात. बाबांचा विषय काढला तर ती उठून भांडी घासायची, नाही काढला तर दोघी त्याच विषयाभोवती गप्प बसायचो.

तेव्हा मी एक नवं कॉमिक वाचायला लागले होते. मराठी, म्हणजे आपण बोलतो ती, हिंदी-इंग्रजी कालवलेली. काढणारी कुणी मुलगी होती, नाव देत नव्हती. गोष्ट एवढीच, की घरून काम करणारी एक बाई आणि तिच्या एसीच्या डब्यावर घरटं केलेली दोन कबुतरं यांचं भांडण. कबुतरं स्वतःला भाडेकरू समजतात. बाई काठी घेऊन आली की कबुतर म्हणतं, "मॅडम, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट आहे, सोसायटीला विचारा." अंडी झाल्यावर, "आता फॅमिली आहे, टेन्शन नका देऊ." दर शनिवारी सकाळी यायचं. फोनवर, एका पेजवर. मुलीची स्वतःची एक साइटही होती, पण तिकडे कोण जातंय.

एका शनिवारी आईकडे बसून मी ते वाचत होते आणि मला हसू आलं. आई म्हणाली, "काय बघतीयास?" मी फोन दिला. कबुतरांनी तिचंही डोकं खाल्लेलं होतं, म्हटलं तेवढंच हसेल. तिनं फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला, आणि हसली नाही.

"हे तुझे बाबा," ती म्हणाली.

चित्रात खिडकीबाहेर समोरची इमारत होती. पाइप, काळ्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक माणूस, वाटाण्याएवढा. बनियन, खांद्यावर पंचा, एक हात कठड्यावर आणि एक पाठीमागे कमरेवर. चेहरा म्हणजे दोन ठिपके. मी ते कॉमिक कित्येक आठवडे वाचत होते आणि या माणसाकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. मागची पानं काढून बघितली. तो जवळजवळ प्रत्येक पानात होता.

"आई, अगं असा माणूस दर गॅलरीत असतो."

"एक हात माघारी कोण ठेवतंय? आणि समोरच्या बिल्डिंगीत दोन पोरी भाड्यानं राहायच्या, आठवतंय का? त्यातली एक खिडकीत बसून काहीबाही काढायची. तिला हितलंच दिसायचं की. तिनं ध्यानात ठिवून काढलंय."

सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हे. पण मला ते खोडता येईना, कारण समोरच्या इमारतीत खरंच दोन मुली राहत होत्या. आणि दुसरं असं, की तो हात. तो हात माझ्याही ओळखीचा होता.

त्यानंतर आमचे शनिवार बदलले. मी जायच्या आधीच आई चष्मा पुसून बसलेली असायची. कबुतरांची भांडणं तिला मीच वाचून दाखवायची, ती ऐकायची, पण डोळे मागच्या गॅलरीवर. "आज अजून च्या घेतला न्हाई वाटतं." "पंचा कसा टाकलाय बघ, वळकटी करून." एकदा त्या माणसाच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो कुंडीत पाणी घालत होता, जे बाबांनी आईनं जन्मभर सांगूनही केलं नव्हतं. आई म्हणाली, "माझ्या बोलण्याचा उपयोग झाला म्हणायचा, पण मेल्यावर." आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. बाबा गेल्यानंतर त्या घरात आम्ही दोघी एकत्र हसलो ते पहिल्यांदाच.

बाबांचे फोटो घरात आहेत. लग्नांतले, सत्काराचा एक, सगळे इस्त्रीच्या शर्टातले आणि श्वास रोखून उभे असलेले. बनियनवर गॅलरीत उभ्या माणसाचा फोटो कोण काढतं? तोच माणूस आम्ही रोज बघितला आणि त्याचीच खूण कुठे ठेवली नाही. आईचं सुख या एका गोष्टीत होतं, की कुणा परक्या पोरीनं त्यांच्याकडे बघितलं होतं. नीट, लक्ष देऊन. आपल्या दोघींखेरीज तिसऱ्या कुणाला तरी ते आठवतात. हे तिनं मला एकदा उघड बोलून दाखवलं, आणि मी मान डोलावली. मला तिच्याइतकी खात्री नव्हती. पण शनिवारी फोन उघडताना मीसुद्धा आधी मागची गॅलरी बघायची, हे खरं.

चित्राखाली लोक लिहायचे, ते मात्र मी भराभर वर सरकवायची. 'ही तर आमची कोपरखैरण्याची बिल्डिंग!' 'नाही भाऊ, सानपाडा, तो पाइप बघ.' 'वाशी, सेक्टर पण सांगू शकतो.' भांडायचे अगदी हमरीतुमरीवर. त्या मुलीनं कधी कुणाला उत्तर दिलं नाही. मी ते आईला वाचून दाखवायची नाही.

कधी कधी एखाद्या पानात तो माणूस नसायचा. आई म्हणायची, "बँकेत गेले असतील." हसतच म्हणायची, पण त्या दिवशी तिचं जेवणात लक्ष नसे. पुढे पुढे ही रिकामी गॅलरी वरचेवर यायला लागली. दिवाळीच्या आधी एक पान आलं. कबुतरं नुसती गजावर बसलेली, एकही शब्द नाही. मागे गॅलरी रिकामी, दोरीवर पंचा वाळत घातलेला. त्यानंतरच्या शनिवारी काही आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी या बाबतीतलं जुनं खोड. मला लक्षण कळलं. पण आईला काय सांगणार? "सणाचं काम असंल," ती म्हणाली. मग "पोर आजारी असंल." मग "लग्न झालं असंल, सासरी न्हाई चालत असंल काढलेलं." संक्रांत गेली, होळी गेली. दर शनिवारी चष्मा पुसलेला. मी त्या मुलीला पेजवर निरोप पाठवला, उत्तर नाही. त्या शेवटच्या चित्राखाली लोकांची रांग लागली होती, 'कधी येणार?', 'वी वाँट कबुतर', 'मॅडम, भाडं वाढवा पण परत या'. त्यात माझंही एक होतं, 'प्लीज, आई वाट बघते.'

दीपगृह थांबलं तेव्हा मी हळहळले, भुतं थांबली तेव्हा चिडले. या वेळी मला भीती वाटली. आईचा माणूस दुसऱ्यांदा जात होता आणि या खेपेला तो मी तिच्या हातात आणून दिला होता.

उन्हाळ्यात माझ्या डोक्यात आलं, की सगळी पानं गोळा करावीत आणि छापून, बांधून आईला द्यावीत. नवं येणार नसेल तर निदान जुनं उशाशी राहील. पेजवरची चित्रं लहान आणि पुसट, म्हणून मुलीच्या साइटवर गेले. साइट बंद. पण बंद पडलेल्या साइट जपून ठेवणारी एक जागा इंटरनेटवर असते, माझ्यासारख्यांचा तिथं नेहमीचा राबता. तिथं सगळं मिळालं. दुपारची वेळ, ऑफिसचा कंप्युटर, मोठा पडदा. पहिलं पान उघडलं, डब्यातला घास घेण्यासाठी माउसवरचा हात काढला, बाण चित्रावर तसाच राहिला. आणि पिवळट चौकोन उमटला.

'या खिडकीतून बाबांची गॅलरी दिसते, म्हणून हेच घर घेतलं.'

मी डबा बाजूला सारला. प्रत्येक पानाखाली अशी ओळ होती. इतकी वर्षं हा नाद करून मला एकदाही सुचलं नव्हतं, की हिच्या साइटवर जाऊन चित्रावर बाण ठेवून बघावा. 'ऐरोलीत आज पाणी नाही. बाबांनी समोरून ओरडून सांगितलं, अख्ख्या सेक्टरला कळलं.' 'आई म्हणते कुंडीला पाणी घाला, बाबांनी आज घातलं. पुरावा म्हणून काढून ठेवते.' 'बाबांना कळलंय मी त्यांना काढते. आज पोट आत घेऊन उभे होते.' मग, 'बाबा तपासणीला गेलेत.' 'बाबा अजून हॉस्पिटलात.' आणि त्या शेवटच्या, बिनशब्दांच्या पानावर, 'बाबा गेले. पंचा मी धुऊन वाळत घातला.'

मी तशीच बसून राहिले. शेजारच्या मुलानं विचारलं, काही प्रॉब्लेम आहे का. मी म्हटलं, नाही, एक कॉमिक संपलं.

आईला सांगायचं की नाही यावर मी आठवडाभर स्वतःशी भांडले. नवऱ्यानं सांगितलं, कशाला, राहू दे तिचा समज. पण आई दर शनिवारी वाट बघत होती, आणि ज्याची वाट बघायची तो येणार नाही हे मला ठाऊक झाल्यावर तिच्यासमोर बसून चहा पिणं मला जमेना. शनिवारी गेले आणि सांगितलं. सगळं. ऐरोली, समोरासमोरची दोन घरं, त्या मुलीचे बाबा.

आई आधी म्हणाली, "ऐरोलीत असला पाइप कुठं असतोय?" मग तिचं तिलाच कळलं असणार, कारण ती थांबली. उठली, ओटा पुसला, जो पुसलेलाच होता. पाठमोरीच म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं गं माऊस ठेवायला?"



"म्हंजे तुझ्या बाबांना कुणीच बघितलं न्हवतं," ती म्हणाली. आणि मग ती रडली. बाबा गेले तेव्हा लोक होते, करायची कामं होती, ती अशी रडली नव्हती. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिनं माझा हात झटकला, आणि थोड्या वेळानं स्वतःच धरला.

चहा झाला. फोन मधे पडलेला होता. आईनं विचारलं, "कवा गेले म्हणालीस ते?"

"दिवाळीच्या आधी. तो वाळत घातलेला पंचा होता ना, तेव्हा."

"आणि आपण इथं बसून म्हणत होतो, सणाचं काम असंल."  मग तिचा चेहराच बदलला. ओळखीच्यात कुणी गेल्याचं उशिरा कळलं की तिचा होतो तसा. आमच्याकडे या बाबतीत फार काटेकोर. लग्नाला बोलावणं लागतं, दुःखात भेटायला जायला ते लागत नाही. कळलं की जायचं, जाऊन बसायचं, फार बोलायचं नाही, तिथं चहापाणी घ्यायचं नाही आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही. ओळख थोडी असली तरी. आईनं वसाहतीतलं असं एकही घर सोडलं नसेल.

"त्या माणसाला मी दर शनवारी बघत होते," ती म्हणाली. "आणि भेटायला गेले न्हाई. ऐरोली काय लांब हाय? चल."

"कुठे चल? सेक्टर माहीत नाही, बिल्डिंग माहीत नाही, नावसुद्धा माहीत नाही."

"पायपानं कळंल."

"आई, ऐरोलीत सगळीकडे तोच पाइप आहे."

ती परत बसली. खिडकीतून समोरची इमारत दिसत होती, तिच्या गॅलऱ्या, कपडे, एका गॅलरीत कुणीतरी दात घासत उभा. मी तिला म्हटलं, त्या शेवटच्या चित्राखाली लिहिता येतं, लोक लिहितात, ती वाचत असेल नसेल ठाऊक नाही. आईनं विचारलं, लोक काय लिहितात? मी तिला वाचून दाखवलं, पहिल्यांदाच. कधी येणार. परत या. आम्ही वाट बघतोय. एवढे दिवस झाले, काहीतरी सांगा तरी. मधेच माझंही वाक्य आलं, तेही वाचलं.

आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तिचा बाप गेलाय आणि हे सगळे काय मागतायत तिच्याकडं?"

"त्यांना माहीत नाही गं. मला तरी कुठे माहीत होतं."

"तू लिही. मी सांगते तसं लिही, तुझं घालू नकोस."

मी फोन घेतला. ती चष्मा न लावता सांगत गेली, एकेक वाक्य, मधे थांबून, समोर कुणी बसलंय अशा आवाजात. मी तिचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं. 'बाळ, मी नेरुळची. तुझे वडील गेल्याचं आज कळलं. यायला पायजे होतं, तुझं घर ठाव न्हाई. तू काढायचीस त्यात मला माझे मालक दिसायचे, तेबी असंच उभं राहायचे. मी दर शनवारी बघायची. तू लई दिलंस मला.'

"झालं?" मी विचारलं.

"आता नको काढूस म्हणावं," आई म्हणाली. "न्हाई काढलंस तरी चालतंय. कुणी काय बी म्हणू दे. आणि वेळच्या वेळी जेवत जा."